स्टीरिओचा जनक : अ‍ॅलन ब्लमलाइन

शोधकांची नावे सांगा म्हटले की आपल्या तोंडी एडिसन येतो, मार्कोनी येतो, ग्रॅहम बेल येतो. मराठी माणूस त्या यादीत शंकर आबाजी भिसे यांचे नाव अभिमानाने घालतो. परंतु ज्याच्या कल्पनेचा लाभ आपण सर्वजण रोज घेतो, तो अ‍ॅलन डाउअर ब्लमलाइन आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नाही. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रातील जाणकार जगभर हे नाव आदराने घेतात. एकाच गाण्यातील टाळ डावीकडून, पखवाज उजवीकडून आणि गायकाचा आवाज मधोमध ऐकू यावा, ही किमया घरातल्या साध्या संचावर शक्य करणारी रीत त्याने १९३१ साली कागदावर मांडली. तिलाच आज आपण स्टीरिओ म्हणतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. शास्त्र विषयाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला, तेव्हा या लेखात आकृत्या किंवा अवघड समीकरणे नाहीत. या चरित्राकडे मी वळलो ते घरातील एका जुन्या स्टीरिओ संचामुळे. तो मांडताना पडलेल्या प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता ज्या माणसापाशी पोहोचलो, त्याचे आयुष्य पेटंट, रॉयल्टी, कंपन्यांचे एकत्रीकरण अशा आपल्याच अभ्यासक्रमातील विषयांनी भरलेले निघाले. शिवाय त्या आयुष्याच्या हिशेबात एक मोठी रक्कम जमा व्हायची राहून गेली आहे, असे मला वाटते. ती कोणती, हे ओघात येईलच.

अ‍ॅलनचा जन्म २९ जून १९०३ रोजी लंडनमधील हॅम्पस्टेड भागात झाला. वडील सेमी ब्लमलाइन हे मूळचे जर्मनीचे. पुढे त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले होते. आई जेसी डाउअर ही दक्षिण आफ्रिकेत धर्मकार्य करणाऱ्या एका स्कॉटिश मिशनऱ्याची कन्या. आईच्या माहेरचे डाउअर हे नाव मुलाच्या नावात आले ते असे.

लहानपणीची त्याची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. सात वर्षांचा असताना त्याने घराच्या दारावरची बिघडलेली विजेची घंटा दुरुस्त केली आणि त्या कामाचे रीतसर बिल वडिलांच्या हाती ठेवले. बिलाखाली आपल्या नावापुढे इलेक्ट्रिकल इंजिनिअर असा हुद्दाही लिहून टाकला! विज्ञानाच्या विद्यार्थ्याला यात भावी अभियंता दिसेल. मला त्यात एक हिशेबी मूलही दिसते. केलेल्या कामाची नोंद झाली पाहिजे आणि त्याचे मोल मिळाले पाहिजे, ही जाणीव त्या वयात असणे काही लहान गोष्ट नाही. गंमत अशी की हाच मुलगा वाचनात मात्र फार मागे होता. बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला धड वाचता येत नव्हते, असे त्याच्या बहिणीने सांगून ठेवले आहे. गणितात मात्र तो पुढे धावत होता. पुस्तकात मन न रमणाऱ्या मुलांच्या पालकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

हायगेट शाळेतून बाहेर पडल्यावर शिष्यवृत्ती मिळवून तो लंडनच्या सिटी अँड गिल्ड्स महाविद्यालयात दाखल झाला. प्रवेश थेट दुसऱ्या वर्षाला मिळाला आणि दोन वर्षांत प्रथम श्रेणीत बी.एस्सी. झाला. १९२४ साली तो इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक या कंपनीत नोकरीस लागला. हीच कंपनी पुढे स्टँडर्ड टेलिफोन्स अँड केबल्स या नावाने ओळखली गेली. तेथे त्याने दोन कामे केली, आणि पुढच्या शोधाची बीजे मला त्या दोन्हींत दिसतात. पहिले काम माणसाच्या कानाचे मोजमाप. कोणत्या पट्टीतला आवाज कानाला किती मोठा वाटतो, हे त्याने मोजून पाहिले. दुसरे काम टेलिफोनच्या तारांचे. लांब पल्ल्याच्या केबलमध्ये एका जोडीतले बोलणे शेजारच्या जोडीत झिरपत असे. ते कमी करण्यासाठी त्याने सहकाऱ्याबरोबर सुधारित वेटोळे तयार केले. एकीकडे कानाची पारख आणि दुसरीकडे दोन आवाज एकमेकांत मिसळू न देण्याची विद्या, अशी शिदोरी घेऊन तो १९२९ मध्ये कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत गेला.

तेथे त्याच्यापुढे आलेला पहिला प्रश्न निव्वळ व्यापारी होता. रेकॉर्डवर विजेच्या साहाय्याने खाच कोरण्याचे यंत्र वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पेटंटखाली होते. ते वापरायचे तर विक्रीवर रॉयल्टी मोजावी लागे. कंपनीचे व्यवस्थापक आयझॅक शोएनबर्ग यांनी ब्लमलाइनला सांगितले ते एवढेच की या पेटंटच्या कुंपणाबाहेरून वाट काढायची. दुसऱ्याचे यंत्र थोडेफार बदलून आपले म्हणणे त्याला मानवले नाही. त्याने मुळापासून विचार केला आणि चुंबकात हलणाऱ्या वेटोळ्यावर चालणारे निराळेच कोरणी यंत्र उभे केले. रॉयल्टी तर वाचलीच, शिवाय आवाजही अधिक स्वच्छ उतरू लागला. खर्च वाचवायला निघालेल्या माणसाच्या हातून मालाची प्रतही सुधारावी, असे उदाहरण व्यवस्थापनाच्या पुस्तकात घालण्याजोगे आहे.

१९३१ साली कोलंबिया आणि ग्रामोफोन कंपनी या दोन प्रतिस्पर्ध्यांचे एकत्रीकरण होऊन ई.एम.आय. ही कंपनी जन्मली. आपल्याकडे आजोबांच्या पिढीने ज्या कुत्र्याच्या छापाच्या एच.एम.व्ही. रेकॉर्डी जपून ठेवल्या, त्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात निघत. तो कारखाना चालवणारी कंपनीही याच घराण्यातली. तेव्हा ब्लमलाइनची गोष्ट वाटते तितकी परक्या देशाची नाही.

त्याच वर्षी तो डोरीन लेन या तरुणीबरोबर चित्रपट पाहायला गेला होता. ती बालशाळेत शिक्षिका होती. १९३३ मध्ये त्यांचा विवाह झाला. बोलपट नुकतेच आले होते. पडद्यावरचा नट एका टोकाला उभा असे आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून येई, कारण आवाजाचा उगम एकच होता. बाकी प्रेक्षकांना त्याचे काही वाटले नसेल. ब्लमलाइनला मात्र ते खटकले. नट जिकडे जाईल तिकडे त्याचा आवाज गेला पाहिजे आणि ते कसे करायचे हे आपल्याला सुचले आहे, असे त्याने डोरीनला सांगितले.

त्याला काय सुचले, हे समजण्यासाठी आधी आपल्या कानांकडे वळू. डोक्याइतक्या उंच तुरीच्या रानात माणूस दिसत नाही, पण त्याने हाक मारली की आपण अचूक त्या दिशेला तोंड फिरवतो. हे कसे घडते? हाक डावीकडून आली तर ती डाव्या कानाला आधी पोहोचते आणि डोक्याला वळसा घालून उजव्या कानाला नंतर. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर धावतो आणि दोन कानांतील अंतर वीतभरही नाही. म्हणजे हा फरक जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी भरतो. शिवाय बारीक, उंच स्वरांच्या बाबतीत डोक्याची जणू सावली पडते आणि पलीकडच्या कानाला आवाज किंचित हळू येतो. एवढ्याशा फरकावरून मेंदू दिशा ठरवतो. एका कानाने आवाज कळतो. तो कोठून आला हे सांगण्याचे काम मुख्यतः दोन कानांतल्या फरकाचे.

दोन कानांसाठी दोन मार्ग, हा विचार ब्लमलाइनच्या आधीही होता. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहातील गायन दोन टेलिफोनद्वारे श्रोत्यांच्या दोन कानांपर्यंत पोहोचवले होते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतही १९३० च्या दशकाच्या आरंभी स्वतंत्रपणे प्रयोग चालू होते. एप्रिल १९३३ मध्ये त्यांनी फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तीन मार्गांनी वॉशिंग्टनला ऐकवला. म्हणून स्टीरिओचा जनक ही पदवी देताना एवढे नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. ब्लमलाइनचे मोठेपण असे की माइकपासून रेकॉर्डच्या खाचेपर्यंत आणि खाचेपासून श्रोत्याच्या कानापर्यंतची संपूर्ण साखळी त्याने एकट्याने एका अर्जात बांधली.

तो पेटंटचा अर्ज १४ डिसेंबर १९३१ रोजी दाखल झाला आणि जून १९३३ मध्ये मान्य झाला. ब्रिटिश पेटंट क्रमांक ३९४३२५. त्यात ७० दावे होते. स्टीरिओ हा शब्द त्यात नाही. हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ घन किंवा भरीव. ब्लमलाइन आपल्या पद्धतीला द्विकर्णी म्हणत असे. त्या ७० दाव्यांतील तीन कल्पना सामान्य वाचकाला समजतील अशा आहेत.

पहिली माइकची. आवाज टिपण्यासाठी दोन माइक एकाच जागी, पण एकमेकांशी काटकोन करून ठेवायचे. जो आवाज डावीकडे असेल तो एका माइकमध्ये जोराने येईल, दुसऱ्यात हळू. ही रचना आजही ब्लमलाइन जोडी याच नावाने ओळखली जाते. घरात दोन स्पीकर असले की प्रत्येक कानाला दोन्ही स्पीकर ऐकू येतात. अशा वेळी दोन स्पीकरच्या केवळ जोरात योग्य फरक ठेवला, तरी कानांपाशी मेंदूला दिशेचा भास होतो, हे त्याने ओळखले होते.

दुसरी कल्पना खाचेची. रेकॉर्डवरची खाच एकच, सुई एकच, मग आवाज दोन कसे मावणार? ब्लमलाइनने खाचेच्या दोन भिंतींकडे पाहिले. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या दोन भिंती एकमेकींशी काटकोनात, म्हणजे प्रत्येक भिंत ४५ अंशांत कललेली. एका भिंतीवर डावा आवाज लिहायचा आणि दुसरीवर उजवा. सुई दोन्ही भिंतींना टेकलेली असल्याने एकाच वेळी दोन्ही वाचते. मला तर ही खाच म्हणजे खतावणीतले खाते वाटते. पान एक, पण डावी बाजू वेगळी आणि उजवी वेगळी. आणि दोन्ही बाजू वाचल्याखेरीज व्यवहार समजत नाही.

तिसरी कल्पना बेरीज-वजाबाकीची. समजा एखाद्या क्षणी डाव्या बाजूचा आवाज ७ आहे आणि उजव्या बाजूचा ३. यांची बेरीज १० आणि वजाबाकी ४. आता ७ आणि ३ हे आकडे न पाठवता १० आणि ४ पाठवले तरी काही बिघडत नाही. पलीकडच्या माणसाने त्यांची बेरीज केली की १४, त्याचे निम्मे ७. वजाबाकी केली की ६, त्याचे निम्मे ३. मूळ आकडे परत मिळाले! याचा फायदा असा की ज्याच्याकडे एकाच स्पीकरचे जुने यंत्र आहे, त्याने फक्त बेरीज घ्यावी. त्याचे गाणे पूर्ण ऐकू येते. स्टीरिओ एफ.एम. रेडिओचे प्रसारण याच तत्त्वावर चालते. नवे आणताना जुन्याला निकामी करायचे नाही, ही व्यापारी दृष्टी या गणितात आहे.

आता घरातील संचाविषयी थोडे. माझ्या चुलत्यांनी सोलापूरला नोकरीस असताना घेतलेला रेकॉर्ड प्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाकडी पेटीतले दोन स्पीकर आमच्या बाहेरच्या खोलीत मी मांडले, तेव्हा ब्लमलाइनचे पेटंट जणू हाताने चाचपून पाहता आले. सुईच्या डबीमागे चार नाजूक तारा असतात. पांढरी डाव्या बाजूची आणि निळी तिची परतीची. तांबडी उजव्या बाजूची आणि हिरवी तिची परतीची. एका सुईतून चार तारा का निघतात, याचे उत्तर त्या दोन भिंतींत आहे.

स्पीकरची मांडणी हा दुसरा धडा. दोन्ही पेट्या एकमेकींपासून सुमारे दोन मीटरवर ठेवाव्यात आणि ऐकणाऱ्याने दोन्हींपासून तितक्याच अंतरावर बसावे, म्हणजे समभुज त्रिकोण होतो. एका पेटीच्या जवळ बसले की तिचा आवाज आधी येतो आणि सगळे गाणे तिकडेच सरकते. दोन्ही पेट्या एकाच जातीच्या असाव्यात, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर असाव्यात आणि अगदी कोपऱ्यात नसाव्यात. कोपऱ्यात खर्जाचा आवाज उगाच घुमतो. स्पीकरवर लिहिलेला ओहमचा आकडा अ‍ॅम्प्लिफायरवरील आकड्याशी जुळतो की नाही, तेही पाहावे. आपल्या भागातील घरांत शहाबादी फरशी असते. तिच्यावर आवाज आपटून परत येतो आणि मूळ आवाजात मिसळतो. मधल्या जागेत जाड सतरंजी अंथरली की फरक लगेच जाणवतो.

तिसरा धडा तांबड्या-काळ्या खुणांचा. दोन्ही स्पीकरना तारा एकाच रीतीने जोडाव्यात, तांबड्याला तांबडी आणि काळ्याला काळी. तसे का, हे पाहण्यासाठी मी मुद्दाम एकाच स्पीकरच्या तारा उलट करून ऐकले. मधोमध असलेला गायकाचा आवाज विरघळल्यासारखा पसरला आणि पखवाजाचा धुमारा पातळ झाला. एक स्पीकर हवा पुढे ढकलत होता त्याच वेळी दुसरा मागे ओढत होता. जिथे बेरीज व्हायची तिथे वजाबाकी होत होती. जमेची रक्कम खर्चाच्या बाजूला लिहिली तर ताळेबंद जुळत नाही, तसेच हे. तारा सुलट करून भीमसेन जोशींच्या अभंगांची स्टीरिओ रेकॉर्ड लावली, तेव्हा समोरच्या भिंतीच्या मध्यावर, जिथे काहीच नव्हते, तिथून गायकाचा आवाज येऊ लागला. मांडणी बरोबर झाली की नाही हे तपासण्याची सोपी खूण म्हणजे एखादी जुनी मोनो रेकॉर्ड लावावी. ती बरोबर मध्यातून ऐकू आली पाहिजे. कानांतल्या इअरफोनवर हाच अनुभव निराळा येतो. तिथे एका कानाला एकच बाजू मिळते, म्हणून गायक समोर उभा न राहता डोक्याच्या आत गातो असे वाटते.

पुन्हा ब्लमलाइनकडे वळू. डिसेंबर १९३३ मध्ये त्याच्या गटाने हेझ येथे पहिल्या स्टीरिओ तबकड्या कोरल्या. त्यांत माणसे नुसती चालत बोलत आहेत. जानेवारी १९३४ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत सर थॉमस बीचम मोझार्टची ज्युपिटर सिम्फनी बसवत असताना तीही त्याने दोन मार्गांनी मुद्रित केली. १९३५ मध्ये हेझच्या रेल्वे स्टेशनावर येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचा लहान चित्रपट काढला. गाडी पडद्यावर जशी सरकते तसा तिचा आवाजही सरकतो. चित्रपटगृहात जी उणीव त्याला खटकली होती, ती चार वर्षांत त्याने भरून काढली.

आणि नेमके इथेच काम थांबले. काळ जागतिक मंदीचा. लाखेच्या तबकडीवर जेमतेम चार-साडेचार मिनिटांचे गाणे मावे आणि सुईची खरखर मोठी. ग्राहकाला दुप्पट यंत्रसामग्री घ्यायला लावील असा माल त्या दिवसांत कोण विकणार? कंपनीने आपला सगळा भर दूरचित्रवाणीवर दिला आणि ब्लमलाइनलाही त्या कामाला लावले. तिथेही त्याची बुद्धी तशीच चालली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बी.बी.सी.ची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली. तिच्यासाठी मार्कोनी-ई.एम.आय.ने उभारलेल्या ४०५ रेषांच्या पद्धतीत त्याचा मोठा वाटा होता. त्याच वर्षीचे त्याचे एक पेटंट दोन नळ्यांच्या अशा जोडीचे आहे की जी दोन संकेतांतील केवळ फरक मोठा करते. नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, पण तीच जोडी आजच्या असंख्य अ‍ॅम्प्लिफायरांच्या तोंडाशी बसलेली आहे. एकूण १२८ पेटंटे त्याच्या नावावर आहेत. उणेपुरे एकोणचाळीस वर्षांचे आयुष्य, आणि काम करण्यास मिळालेली वर्षे अठराच!

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर त्याला रडारच्या कामावर घेतले गेले. अंधारात आणि ढगांवरून उडणाऱ्या बाँबफेकी विमानाला खालचा भूप्रदेश दाखवणारे एच२एस नावाचे रडार तयार होत होते. ७ जून १९४२, रविवार. त्या यंत्राची चाचणी घेण्यासाठी हॅलिफॅक्स जातीचे विमान डेफर्ड तळावरून उडाले. आत ब्लमलाइन होता, ई.एम.आय.मधले त्याचे सहकारी सेसिल ब्राउन आणि फ्रँक ब्लायदेन होते, आणखी शास्त्रज्ञ व सैनिक होते. वाटेत उजव्या बाजूच्या बाहेरील इंजिनाला आग लागली आणि वेल्श बिकनर या खेड्याजवळ विमान कोसळले. आतील सर्व अकरा जण मृत्युमुखी पडले. इंजिनातील एक लहानसा नट नीट आवळला गेला नव्हता, असे पुढे तपासात निघाले. एकोणचाळिसाव्या वाढदिवसाला तीन आठवडे उरले होते. मागे पत्नी आणि दोन लहान मुलगे राहिले.

युद्धाच्या गुप्ततेमुळे त्याच्या मृत्यूचे वृत्त दीर्घकाळ जाहीर झाले नाही. तो काय करीत होता हेही सांगण्यासारखे नव्हते. ज्या यंत्रासाठी तो गेला ते जानेवारी १९४३ मध्ये प्रत्यक्ष वापरात आले आणि त्याच्या साहाय्याने जर्मनीतील शहरांवर बाँब पडले. माणसाचे कान सुखवण्यासाठी चाललेली बुद्धी युद्धाने कुठे नेऊन ठेवली, याचा विचार मनाला चटका लावतो. त्यात दोष त्याचा की काळाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

आता हिशेबाकडे येतो. त्या काळी ब्रिटनमध्ये पेटंटची मुदत १६ वर्षांची होती (आज आपल्या देशात ती २० वर्षे आहे). १९३१ चे पेटंट युद्धामुळे मिळालेली वाढ धरूनही १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धातच संपले. १९४८ मध्ये अमेरिकेत लाँग प्ले रेकॉर्ड आली, खरखर कमी झाली, गाण्याला वेळ मिळाला. मग १९५७-५८ मध्ये स्टीरिओ रेकॉर्डी बाजारात आल्या. त्यांची खाच होती ४५ अंशांच्या दोन भिंतींची. ती बाजारात आणली वेस्ट्रेक्सने, आणि ही वेस्ट्रेक्स वेस्टर्न इलेक्ट्रिकचीच उपकंपनी! ज्या कंपनीची रॉयल्टी चुकवण्यासाठी ब्लमलाइनने पहिले यंत्र केले होते, तिच्याच घराण्याने त्याने सुचवलेली खाच जगाला विकली. तोवर पेटंट संपले होते, देणे काहीच लागत नव्हते, आणि मागायला तो जिवंतही नव्हता.

पुस्तपालनाच्या नियमाने पाहिले तर मुदत संपलेल्या पेटंटची किंमत शून्य. ताळेबंदात त्याला जागा नाही. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. मुदत संपल्यावर ज्ञान सर्वांचे व्हावे यासाठीच तो नियम आहे. पण म्हणून ऋण संपते का? सात वर्षांच्या ज्या मुलाने घंटा दुरुस्तीचे बिल दिले होते, त्याच्या सर्वांत मोठ्या कामाचे बिल कधी दिले गेलेच नाही. हीच ती जमा न झालेली रक्कम. तिचा थोडा भरणा फार उशिरा झाला. १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्याच्या घरावर स्मृतिफलक लागला, २०१५ मध्ये अ‍ॅबी रोड स्टुडिओत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने फलक बसवला आणि २०१७ मध्ये त्याला मरणोत्तर तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला.

विद्यार्थी मित्रहो, आज आपल्यापैकी बरेच जण मोबाइलच्या एका इवल्याशा स्पीकरवर गाणी ऐकतात. कोणाच्या घरी जुना संच माळ्यावर पडला असेल तर तो खाली काढावा, तारा तपासाव्यात, दोन पेट्या नीट मांडाव्यात आणि मधोमध बसून एकदा शांतपणे ऐकावे. आपण बिदर-कलबुर्गीकडची माणसे तर या बाबतीत भाग्यवान. आपल्या एका कानावर लहानपणापासून अभंग पडले आणि दुसऱ्या कानावर वचने. भीमसेनांसारख्या कन्नड मातृभाषेच्या गायकाने एकाच गळ्यातून मराठी संतवाणी आणि कन्नड दासवाणी दोन्ही ऐकवली. आपल्या या नियतकालिकाचेही दोन विभाग आहेत. दोन्ही बाजूंनी ऐकले म्हणजे मध्ये काय उभे राहते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. ते यंत्राला शिकवणाऱ्या माणसाचे नाव तेवढे लक्षात असू द्यावे, इतकीच विनंती.